माझं दुखणं तेवढं मोठं आहे का?

'ताई, माझं वय चौतीस. नोकरी करते, सहा वर्षांचा मुलगा आहे. गेल्या आठ महिन्यांपासून मन माझ्या ताब्यात राहिलेलं नाही. ऑफिसात कुणी साधं "झालं का ते काम?" असं विचारलं तरी डोळे भरून येतात आणि मी बाथरूममध्ये जाऊन रडते. परवा मुलाच्या हातून पाणी सांडलं तर त्याच्यावर अशी ओरडले की तो घाबरून टेबलाखाली जाऊन बसला. रात्रभर त्याचा चेहरा डोळ्यांपुढून हलला नाही. मग दोन-तीन दिवस काहीच वाटत नाही. ना राग, ना रडू. आतला दिवाच कुणी मालवल्यासारखं. पहाटे तीनला जाग येते ती येतेच. कधी कधी वाटतं, सकाळ झालीच नाही तर बरं.

मध्यंतरी एका समुपदेशकाकडे गेले होते. पंधरा मिनिटांत त्यांनी "सगळ्यांच्याच घरी असं असतं, सकारात्मक विचार करा" असं सांगितलं, मध्ये दोनदा फोन घेतला आणि निघताना दहा सेशनचे पैसे आगाऊ भरायला सांगितले. मी परत गेले नाही. आता बहीण म्हणते, दुसऱ्याकडे जा. पण जायचं कुणाकडे? चांगला थेरपिस्ट ओळखायचा कसा? आणि खरं सांगू, लोकांवर केवढे डोंगर कोसळतात. माझं दुखणं तेवढं मोठं आहे का? – एक थकलेली'

तू मला ताई म्हणालीस, म्हणून मीही अगं-तुगं करते. तुझ्या पत्रातलं एक वाक्य घाईघाईत लिहून तू पुढे गेलीस. मी मात्र तिथेच थांबले. 'सकाळ झालीच नाही तर बरं.' बाकीच्या प्रश्नांकडे येतेच, पण आधी हे.

असं वाटणं आणि जीव द्यायचं मनात घोळणं यात अंतर आहे. फार थकलेल्या माणसाला 'आता नको हे सगळं' असं वाटून जातं, आणि तसं वाटणारी तू एकटी नाहीस. पण हे अंतर कधी कधी नकळत कमी होत जातं. म्हणून सरळच विचारते. स्वतःला संपवण्याचा विचार येतो का? कसं, कधी, इथवर तो पोचतो का? त्यासाठी हाताशी काही जमवून ठेवलं आहेस का? असं विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. कुणीतरी उघडपणे विचारलं की उलट बोलायला वाट मिळते. यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर 'हो' असेल तर हे उत्तरसुद्धा पूर्ण वाचत बसू नकोस. आत्ता बहिणीला सांग. एकटी राहू नकोस. जे काही जमवलं असेल ते तिच्या ताब्यात दे. आत्महत्या प्रतिबंधक हेल्पलाइनला फोन कर किंवा तिला घेऊन थेट रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जा. थेरपिस्टचा शोध त्यानंतर.

उत्तर 'नाही' असलं तरी हे वाक्य ज्याला पहिल्यांदा भेटशील त्याला जसंच्या तसं सांग. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीसाठी राखून ठेवू नकोस.

आता तुझा शेवटचा प्रश्न, कारण बाकीचे दोन त्याच्याच मागे अडकलेत. तू कारण मोजते आहेस. कुणाचं मूल गेलं, कुणाचं घर गेलं, आणि माझं तर काहीच गेलेलं नाही, मग मी कशाला कुणाचा वेळ घेऊ, असं तुझं चाललं आहे. पण हे काम करणारी माणसं कारणाचं माप काढतच नाहीत. त्यांना विचारायचं असतं ते हे, की किती दिवस झाले, झोपेचं आणि भुकेचं काय, काम रेटतं का, जवळच्या माणसांशी वागणं बदललं का. नैराश्याचा अंदाज घेण्यासाठी जगभर वापरली जाणारी पीएचक्यू-९ नावाची एक साधी प्रश्नावली आहे. २००१ साली ती प्रसिद्ध झाली. तिच्यात नऊ प्रश्न आहेत, ते सगळे गेल्या दोन आठवड्यांबद्दल आहेत आणि प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. बेरीज २७ पर्यंत जाते, आणि १० किंवा त्याहून जास्त आली तर जाणकाराला भेटावं, असं साधारणपणे मानतात. नववा प्रश्न तुझ्या त्या सकाळच्या वाक्याचाच आहे. त्याचं उत्तर बेरजेत कितीही लहान दिसलं तरी ते वेगळं काढून पाहिलं जातं. या नऊ प्रश्नांत 'तुमच्यावर कोणता डोंगर कोसळला?' हा प्रश्न कुठेही नाही.

आणि त्यांची मुदत दोन आठवड्यांची आहे. तू आठ महिने काढलेस.

हा कागद भरून कुणी स्वतःचं निदान करू नये, आणि मीही पत्रावरून तुझं निदान करणार नाही. पण 'तेवढं मोठं आहे का' याचं उत्तर माझ्यापुरतं स्पष्ट आहे. हो, आहे. पुढचं सगळं मी तेच धरून लिहिते आहे.

या शोधातली एक अडचण फारसं कुणी बोलून दाखवत नाही. ज्या दिवसांत उठून दात घासायचं जिवावर येतं, त्याच दिवसांत माणसाने नावं शोधायची, फोन करायचे, फी विचारायची, अनोळखी आवाजाला आपलं रडगाणं थोडक्यात सांगायचं. जमत नाही. मग माणूस स्वतःलाच दोष देतो, की मला बरंच व्हायचं नसेल. तसं काही नसतं, अंगात त्राण नसतं एवढंच. म्हणून शोधाचं काम बहिणीला दे. 'दुसऱ्याकडे जा' असं ती म्हणालीच आहे, तर तिला सांग, 'तू मला तीन नावं काढून दे.' तीनच. तीस नावांची यादी आली की तू ती उघडणारसुद्धा नाहीस. पहिला फोनही तिने केला तरी चालेल. बोलायला तू बसलीस की पुरे.

नावं मिळतात कुठे? मी स्वतः सुरुवात नेहमीच्या डॉक्टरपासून करायला सांगेन, आणि त्याला दोन कारणं आहेत. त्याला परिसरातली माणसं माहीत असतात, हे एक. दुसरं जास्त महत्त्वाचं आहे. थायरॉइडचा बिघाड, रक्तक्षय, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, संप्रेरकांमधले बदल, काही औषधांचे परिणाम, यांच्यामुळेही माणूस रडवेला, चिडका, निस्तेज होतो आणि झोप उडते. रक्ताच्या साध्या तपासणीत यातलं बरंच कळतं. थायरॉइडच्या बिघाडावर महिनोन् महिने बालपणाची उजळणी करत बसण्यात काय अर्थ आहे? तपासणी आधी करून घे. सगळं ठीक निघालं तर तो मुद्दा मिटला.

डॉक्टरखेरीज मानसशास्त्र शिकवणाऱ्या विद्यापीठांना आणि प्रशिक्षण संस्थांना जोडलेली केंद्रं असतात. तिथे शिकाऊ थेरपिस्ट अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली काम करतात आणि फी बरीच कमी असते. शिकाऊ म्हणून नाक मुरडू नकोस. त्यांच्या प्रत्येक केसवर दुसऱ्या कुणाची तरी नजर असते, आणि हे भाग्य खासगी दवाखान्यातल्या प्रत्येकाच्या वाट्याला येतंच असं नाही. तुझ्या ऑफिसात कर्मचाऱ्यांसाठी समुपदेशनाची सोय आहे का, तेही विचार, मात्र तिथे बोललेलं व्यवस्थापनापर्यंत जातं का, हे लेखी विचारून घे. मैत्रिणीची थेरपिस्ट मैत्रीण, नात्यातली मानसशास्त्रज्ञ, यांच्याकडे जाऊ नकोस. त्या कितीही चांगल्या असोत. जिच्याशी पुढच्या महिन्यात एखाद्या समारंभात गाठ पडणार आहे तिच्यासमोर खरं बोलवत नाही, आणि चांगली थेरपिस्ट असेल तर ती स्वतःच अशा वेळी नकार देते.

पाट्यांवरच्या शब्दांचा गोंधळ थोडक्यात सोडवते. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे वैद्यकशास्त्र शिकून पुढे मनाच्या आजारांत तज्ज्ञ झालेला डॉक्टर. तो औषधं देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, मानसशास्त्रातलं वरचं शिक्षण आणि दवाखान्यातलं प्रशिक्षण घेतलेला असतो. त्याचं काम तपासणीचं आणि बोलण्यातून उपचार करण्याचं. समुपदेशक आणि थेरपिस्ट हे शब्द मात्र सैल आहेत. उत्तम शिकलेली माणसंही ते लावतात, आणि बऱ्याच ठिकाणी या शब्दांना कायद्याचं कुंपण नसल्यामुळे आठवड्याभराचा कोर्स केलेली माणसंही लावतात. म्हणून पाटी वाचून थांबायचं नाही. शिक्षण काय, कुठे, आणि नोंदणी कोणत्या संस्थेत, हे विचारायचं आणि ती नोंदणी त्या संस्थेच्या यादीत पडताळून पाहायची. हे कामही बहिणीचं.

मग तू यांतल्या कुणाकडे जावंस? तुझी झोप मोडली आहे, आठ महिने झालेत आणि ते वाक्य आहे. या तिन्हींमुळे मी एकदा तरी मानसोपचारतज्ज्ञाला भेट असंच म्हणेन, आणि आठवड्याच्या बोलण्यासाठी वेगळा थेरपिस्ट बघ. दोघं मिळून काम करतात, हे अगदी नेहमीचं आहे. औषध सुचवलं गेलंच तर ते घेणं म्हणजे हरणं असं मनात आणू नकोस. नैराश्यावरच्या औषधांचा गुण यायला काही आठवडे लागतात. तोवर 'काही उपयोग नाही' म्हणून आणि नंतर 'आता बरं वाटतंय' म्हणून, दोन्ही वेळी ती मनाने बंद करायची नाहीत.

पद्धतींची नावं तुझ्या कानावर पडतील. विचार आणि वागणं यांच्यावर काम करणारी सीबीटी आहे, जिचा पाया आरन बेक यांनी १९६० च्या दशकात घातला. भावनांची वावटळ उठली की ती झेलायची कौशल्यं शिकवणारी डीबीटी आहे, मार्शा लिनेहान यांची. आणखीही बऱ्याच आहेत. यांच्यात निवड करत रात्री जागू नकोस. नैराश्यासारख्या त्रासात एका पद्धतीची दुसरीशी तुलना केली की फरक बहुधा लहानच निघतो. पद्धत खरोखर महत्त्वाची ठरते ती काही ठरावीक ठिकाणी. मागे घडलेला एखादा भयंकर प्रसंग पुन्हा पुन्हा अंगावर येत असेल, तर त्यासाठीच प्रशिक्षण घेतलेला माणूस हवा. तेच ते विचार आणि तीच ती कृती थांबतच नसेल, तर त्या भीतीला टप्प्याटप्प्याने सामोरं जायला शिकवणारा हवा. तसं काही असेल तर पहिल्याच फोनवर सांग.

पहिला फोन. यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण डॉक्टरपुढे गप्प बसायची आपल्याला इतकी सवय असते की आपणही प्रश्न विचारू शकतो हे ध्यानातच येत नाही. पुष्कळ थेरपिस्ट पहिल्या अपॉइंटमेंटआधी दहा-पंधरा मिनिटं फोनवर बोलतात. मागून बघ. बोलताना शिक्षणाचा आणि नोंदणीचा प्रश्न विचारलास तर चांगला माणूस दुखावत नाही, तो सहज उत्तर देतो. 'तुम्हाला माझ्यावर विश्वास नाही का?' असं ऐकू आलं तर तिथेच आभार मानून फोन ठेव. मग विचार, 'माझ्यासारखा त्रास असणाऱ्यांबरोबर तुम्ही काम केलं आहे का, आणि साधारण काय करता?' उत्तर तुला कळेल अशा भाषेत यायला हवं. जडजंबाल शब्दांचा मारा झाला तर खोलीत बसल्यावरही तोच होईल. आणि मग माझा आवडता प्रश्न: 'काम पुढे सरकतंय की नाही, हे आपण कसं बघणार?' याला सरावलेला माणूस काही ठोस सांगतो. दर काही आठवड्यांनी एक छोटी प्रश्नावली भरू, किंवा सुरुवातीला दोन-तीन गोष्टी ठरवू आणि महिन्याने त्यांच्याकडे परत येऊ, असं काहीतरी. 'तुम्हाला आपोआप कळेल' हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. शेवटी फी, रद्द केलेल्या वेळेचे नियम, आणि दोन भेटींच्या मध्ये फार बिघडलं तर काय करायचं, हेही विचारून घे. फी परवडत नसेल तर ऐपतीप्रमाणे कमी होते का, हे विचारायला लाजू नकोस. काही जण ठरावीक जागा त्यासाठीच राखून ठेवतात.

मजकूर गुप्त राहील का, हे तू विचारलं नाहीस, पण विचार पडला असणार. तू बोललेलं तो कुणाला सांगत नाही, तुझ्या नवऱ्याला नाही आणि शोध घेणाऱ्या बहिणीलाही नाही. त्याला मोजके अपवाद असतात. तुझ्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला तातडीचा धोका, लहान मुलावर होणारा अत्याचार, न्यायालयाचा आदेश. चांगला थेरपिस्ट हे अपवाद पहिल्याच भेटीत स्वतःहून सांगतो. मुलावर ओरडलीस हे सांगितलं की लगेच काहीतरी कारवाई होईल, अशी भीती मनात असेल तर तीही त्याला बोलून दाखव.

ज्या समुपदेशकाकडे तू गेली होतीस त्यांच्याबद्दल मला वाईट वाटतं आणि थोडा रागही येतो. पंधरा मिनिटांत कुणाला सल्ला देता येईल इतकं कुणी ओळखत नसतं. सेशनमध्ये फोन घेणं चूक. ओळख होण्याआधी दहा सेशनचे पैसे मागणं चूक. तू उठून आलीस ते बरोबर केलंस. पण त्यानंतर तुझ्या मनाने त्यातून एक निष्कर्ष काढला, की थेरपी आपल्यासाठी नाही. ती थेरपी नव्हतीच. तू फक्त एका खोलीत जाऊन आलीस.

आता समजा, दुसरी खोली मिळाली. ती बरोबर आहे हे कसं ओळखायचं? एडवर्ड बॉर्डिन या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये एक मांडणी केली, ती मला अजून सगळ्यांत उपयोगाची वाटते. थेरपिस्ट आणि समोरचं माणूस यांच्या नात्याचे त्यांनी तीन भाग सांगितले. आपल्याला कुठे जायचं आहे यावर दोघांचं एकमत, तिथे जाण्यासाठी काय करायचं यावर एकमत, आणि दोघांमधला विश्वास. हे नातं जितकं घट्ट, तितका गुण चांगला, हे त्यानंतरच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. म्हणून तीन-चार भेटी झाल्या की स्वतःला विचार: मी कशासाठी येते हे यांना कळलंय का? आम्ही जे करतोय ते का करतोय हे मला कळतंय का? मी लपवलेलं काही यांना सांगावंसं वाटतंय का?

भेटीनंतर बरं वाटलं का, हा प्रश्न मी मुद्दाम घातला नाही. कारण सुरुवातीला बरं वाटेलच असं नाही. आठ महिने दाबून ठेवलेलं वर आलं की घरी येऊन तू दुप्पट रडशील, दोन दिवस अंग मोडल्यासारखं होईल. हा थकवा आणि चुकीच्या माणसासमोर बसल्याचा थकवा वेगळा कसा ओळखायचा? माझ्या अनुभवात पहिल्या थकव्यात आपण दमतो, पण आपल्याला कुणीतरी नीट ऐकलं असं वाटत असतं. दुसऱ्यात आपण लहान होऊन बाहेर पडतो. मी काहीतरी चुकीचं बोलले, मी जास्तच बोलले, मी त्यांना आवडले नाही, असं घोकत घरी येतो. अपमान, उपदेश, स्वतःच्याच गोष्टी सांगत बसणं, तुझ्या श्रद्धांची किंवा निवडींची टवाळी, खात्रीने बरं करण्याची हमी, आणि कुठल्याही प्रकारची शारीरिक किंवा प्रेमाची जवळीक. यातलं काहीही दिसलं तर चौथ्या भेटीची वाट बघायची नाही. शेवटच्या गोष्टीची तर तक्रारही करता येते आणि करावी.

माझं स्वतःचं सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका थेरपिस्टकडे सात वेळा गेले. सातही वेळा शहाण्या मुलीसारखी बसले. त्यांना कंटाळा येऊ नये म्हणून रंगवून सांगायचे, 'या आठवड्यात बरं आहे' म्हणायचे आणि बाहेर येऊन रिक्त वाटायचं. आठव्या वेळी गेलेच नाही, कळवलंही नाही. त्यांच्याशी जमत नव्हतं की मीच खरं बोलत नव्हते, हे मला आजही सांगता येत नाही, कारण मी ते त्यांना विचारलंच नाही. दोन वर्षं तशीच गेली. दुसऱ्या थेरपिस्टकडे चौथ्या भेटीत माझ्या एका वाक्यावर त्या हसल्या आणि मला ते लागलं. या वेळी मी पुढच्या आठवड्यात धीर करून म्हटलं, 'मागच्या वेळी तुम्ही हसलात, ते मला लागलं.' हात थरथरत होते माझे. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, 'सांगा.' स्पष्टीकरण दिलं नाही, 'तसं नव्हतं हो' असं म्हणाल्या नाहीत. मी बोलले, त्यांनी ऐकलं, मग त्यांनी चूक कबूल केली. मी दुखावले असं तोंडावर सांगितलं आणि नातं तुटलं नाही, हे तोवर माझ्या आयुष्यात कधी घडलंच नव्हतं. माझं खरं काम त्या दिवशी सुरू झालं.

हे एवढं लांबवून सांगितलं कारण न कळवता सोडून जाणारी मी एकटी नाही. २०१२ मध्ये जोशुआ स्विफ्ट आणि रॉजर ग्रीनबर्ग यांनी ६६९ अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा साधारण पाचातला एक जण थेरपी मध्येच सोडतो असं दिसलं. म्हणून खटकलं तर एकदा बोलून बघ. 'याने मला बरं वाटत नाहीये', 'हे मला पटलं नाही', एवढंच पुरे. तो कसं ऐकतो यावरून माणूस कळेल. नीट ऐकलं तर थांब. नाही ऐकलं तर बदल, आणि बदलताना अपराधी वाटून घेऊ नकोस. 'मला दुसरं कुणी सुचवाल का?' असंही विचारता येतं आणि चांगली माणसं सुचवतात.

याच जागी तुझ्या मुलाबद्दल. तो टेबलाखाली गेला हे तुला अजून छळतंय. त्याच्याजवळ खाली जमिनीवर बस आणि सांग, 'त्या दिवशी मी खूप जोरात ओरडले. तू घाबरलास. चूक माझी होती, पाणी कुणाच्याही हातून सांडतं. आई सध्या दमली आहे आणि त्यासाठी ती मदत घेणार आहे.' सहा वर्षांच्या मुलाला एवढं कळतं. त्याच्याकडून माफीची वाट बघू नकोस आणि त्याच्यापुढे रडून त्याला तुझी समजूत काढायला लावू नकोस. यासाठी थेरपिस्ट मिळेपर्यंत थांबायची गरज नाही.

किती दिवस लागतील, असं बहीण विचारेल. केनेथ हॉवर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये जुन्या नोंदी एकत्र करून पाहिलं तेव्हा साधारण निम्म्या लोकांमध्ये आठ सेशनपर्यंत मोजता येईल अशी सुधारणा दिसली, आणि पाऊणभर लोकांमध्ये सव्वीसपर्यंत. यातला तुझा आकडा कोणता असेल हे आधी कुणालाच सांगता येणार नाही. पण याचा एक उपयोग आहे. आठ-दहा भेटी नेमाने होऊनही जागचं काहीच हललं नसेल तर गप्प राहू नकोस. बसून दोघांनी बघायचं, पद्धत बदलायची का, औषधाचा विचार करायचा का, दुसरं माणूस हवं का. व्हिडिओवर भेटणं सोयीचं असेल तर तेही चालतं, फक्त दार लावून बोलता येईल अशी खोली हवी. मूल झोपल्यावर स्वयंपाकघरात कुजबुजत थेरपी होत नाही.

आणि पहिल्या संदेशात काय लिहायचं, यावर तू अडशील हे मला माहीत आहे. नवं काही लिहू नकोस. तुझ्या पत्रातला पहिला परिच्छेद घे, 'गेल्या आठ महिन्यांपासून' इथपासून 'सकाळ झालीच नाही तर बरं' इथपर्यंत. तो तसाच उतरव. लाज वाटली म्हणून मुलाचं वाक्य गाळू नकोस, सकाळचंही गाळू नकोस. खाली एवढं जोड: 'याआधी एकदा गेले होते, अनुभव चांगला नव्हता. आधी दहा मिनिटं फोनवर बोलता येईल का?' बहिणीने तीन नावं काढली की तिघांनाही हाच मजकूर पाठवा. पाठवायचं बटण तिने दाबलं तरी चालेल.